एक्केचाळीस कॅसेटी : ‘जनरल हॉस्पिटल’च्या नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

गेल्या रविवारी लेस्ली चार्लसन गेल्या. ‘जनरल हॉस्पिटल’ ह्या दुपारच्या रोजच्या अमेरिकन मालिकेत १९७७पासून त्या डॉ. मोनिका क्वार्टरमेन होत्या. बातमी वाचली आणि आधी आठवल्या त्या मावशी. त्यांना कुणी सांगितलं असेल का? सांगितलं तरी आता पोचेल का?

मावशी म्हणजे आमच्या जुन्या शेजारीण. इटालियन घरातल्या, जन्म न्यू जर्सीतलाच, पेशानं नर्स. मी १९९६च्या ऑक्टोबरात डोंबिवलीहून एडिसनला आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते, नोकरीची परवानगी नव्हती, दिवसभर घरात एकटी. मावशींची रात्रपाळी असायची. दुपारी अडीचला उठायच्या आणि तीन वाजता सात नंबरच्या चॅनलवर ‘जनरल हॉस्पिटल’ लावायच्या. तळघरात कपडे धुवायला गेले असताना ओळख झाली, त्यांनी वर बोलावलं, मी गेले आणि पुढची अकरा वर्षं जातच राहिले. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांच्या तोंडी त्याचं ‘मॉशी’ झालं होतं, आणि फोन केला की त्या ‘मॉशी बोलतेय’ असंच सुरू करायच्या.

नियम एकच. भाग चालू असताना बोलायचं नाही, बोलायचं ते जाहिरातीत. मी मध्येच काही विचारलं की त्यांचं बोट वर व्हायचं. पहिल्या जाहिरातीत मी आल्याचा चहा ठेवायचे, दुसऱ्या जाहिरातीत गाळायचे.

आज त्यांची लेक खोकं घेऊन आली. मावशी दीड वर्षापासून स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या केंद्रात आहेत, आता अपार्टमेंट विकायला काढलंय. खोक्यात एक्केचाळीस व्हीएचएस कॅसेटी निघाल्या. दिवसपाळी लागली की मावशी व्हीसीआरला वेळ लावून जायच्या, त्यातल्या जपून ठेवलेल्या ह्या. लेक म्हणाली, “आईनं बजावलं होतं, टाकू नकोस म्हणून. तेव्हा तिला सगळं कळत होतं. मला ह्यातलं काही कळत नाही, तुलाच कळेल.”

काम ठरवलं ते असं. सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवायच्या. कुठल्या कॅसेटवर काय आहे त्याची यादी करायची. आणि त्यातले निवडक प्रसंग मावशींकडे घेऊन जायचे.

२५ जानेवारी, शनिवार

यंत्राची सोय झाली. नवा व्हीसीआर आता कुठेच मिळत नाही. फुनाई ही बनवणारी शेवटची जपानी कंपनी, तिनंही २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं. एकानं तळघरातला जुना काढून दिला, पंचेचाळीस डॉलर. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन वायरी, पुढे यूएसबीची छोटी पेटी, पुढे लॅपटॉप. चार टेराबाइटची डिस्क घेतली, कारण फारसं न दाबता उतरवलं तर तासाला तेरा जीबीच्या आसपास जागा जाते.

मावशींनी जवळजवळ सगळं सर्वांत हळू वेगावर ध्वनिमुद्रित केलंय. दोन तासांच्या कॅसेटमध्ये सहा तास मावतात, म्हणजे आठवड्याचे पाचही भाग बसून वर एक तास उरतो. नर्सच्या पगारात कॅसेटी वाचवायचा तो मार्ग होता. पण त्या वेगात टेपवरचे पट्टे अगदी अरुंद पडतात, आणि दुसऱ्या यंत्रावर लावलं की चित्राच्या खाली पांढरं दाणेदार काहीतरी धावत राहतं. प्रत्येक कॅसेटला ट्रॅकिंगचं बटण हातानं जुळवत बसावं लागणार.

तूर्त असं ठरवलंय की उतरवतानाच जाहिराती गाळायच्या. तासाच्या भागात मालिका असते चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर. वेळही वाचेल, जागाही.

२ फेब्रुवारी, रविवार

कॅसेट १, २ आणि ३ झाल्या. तिसरीच्या लेबलवर मावशींच्या तिरप्या अक्षरात लिहिलंय : ‘ओ. जे. आज भाग नाही.’ त्याखाली दोन जाड रेघा. १९९५मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सनवरच्या खुनाच्या खटल्याचं थेट प्रक्षेपण सुरू झालं आणि दुपारच्या मालिका वाटेल तेव्हा कापल्या जाऊ लागल्या. तेव्हा तुटलेली प्रेक्षकांची सवय पुन्हा पूर्वीसारखी लागली नाही, असं ह्या मालिकांबद्दल लिहिणारे सगळेच सांगतात. मावशींच्या त्या दोन रेघांत मला ते जास्त कळलं.

जाहिराती गाळण्याचा निर्णय आज मागे घेतला. कॅसेटींवर तारखा धड नाहीत. ‘मोनिका’, ‘टोनी’, ‘स्टोन शेवट’ एवढंच लिहिलेलं. तारीख लागते ती जाहिरातींवरून : कुठल्या सिनेमाची झलक, स्थानिक बातम्यांची पट्टी, हिवाळ्याचे कोट की शाळेची दप्तरं. शिवाय ह्या मालिकांचं कूळच जाहिरातीतलं. १९३३ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलनं ऑक्सिडॉल ह्या कपड्याच्या साबणासाठी रेडिओवर ‘मा पर्किन्स’ सुरू केली. अशा कार्यक्रमांमागे बहुतेक साबणवालेच असायचे, म्हणून सगळ्या जातीलाच सोप ऑपेरा हे नाव पडलं. ‘गायडिंग लाइट’ १९३७मध्ये रेडिओवर आली, १९५२मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ला थांबली. बहात्तर वर्षं एक गोष्ट.

तर जाहिराती राहू द्यायच्या.

९ फेब्रुवारी, रविवार

कॅसेट ५ ते ८. मोनिकाचा स्तनाचा कर्करोग, १९९४.

लेस्ली चार्लसन ह्यांचं काम आज सलग चार तास पाहिलं. मोनिका ही मुळात ताठ बाई. हृदयरोगतज्ज्ञ, श्रीमंत घरची सून, नवऱ्याशी शब्दाला शब्द लावणारी. घर आपल्या नावावर आहे हे सगळ्या क्वार्टरमेन मंडळींना दिवसातून एकदा ऐकवणारी. अशा बाईला गाठ लागते तेव्हा ती रडत नाही, चिडते. चार्लसन ह्यांनी तो राग महिनोन्‌महिने सोडला नाही. शस्त्रक्रियेनंतर ती नवऱ्यापासून, ॲलनपासून, अंग चोरते. दाराशी तो उभा आहे आणि ती गाऊनची कड दोन बोटांनी धरून बसलीय. संवाद साधेच आहेत, पण तो हात काही केल्या सुटत नाही. मावशी ह्या प्रसंगाबद्दल म्हणायच्या, “माझ्या वॉर्डात बायका अश्शाच बसायच्या. हिनं कुठेतरी बघितलंय.”

तेव्हाच्या मुख्य लेखिका क्लेअर लबीन. त्यांनी हा आजार चार आठवड्यांत बरा करून टाकला नाही. उपचारात मोनिकाला पेज नावाची मैत्रीण मिळते, ती वाचत नाही, आणि तिची मुलगी एमिली मोनिका-ॲलनच्या घरी दत्तक येते. एक आजार घरात एक मूल सोडून जातो, आणि ते मूल पुढे वर्षानुवर्षं त्या घरात वाढताना दिसतं. रोजच्या मालिकेचं बळ असतं ते इथे. सिनेमाला दोन तासांनी दिवे लावावे लागतात. इथे उद्या दुपारी तीनला तीच माणसं पुन्हा समोर येतात आणि काल झालेलं त्यांच्या अंगावर असतं. लेखकानं ते लक्षात ठेवलं तर.

ह्या ‘लक्षात ठेवण्या’वरच माझं सगळं प्रेम आहे आणि सगळी भांडणंही. मेलेली माणसं परत येतात, जुळे भाऊ निघतात, चेहरे बदलतात, ते मी चालवून घेते. पण आई मेल्याचं दुःख तीन आठवड्यांत विसरून पोरगी लग्नाच्या साड्या, म्हणजे इथे गाऊन, बघायला निघाली की मला सहन होत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज कॅसेट नाही, आज ‘बियॉन्ड द गेट्स’चा पहिला भाग. सुट्टी टाकून दोन वाजता बसले. अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांवर दुपारची नवी मालिका आली ती १९९९च्या ‘पॅशन्स’नंतर आजच. मधल्या काळात नुसतं बंदच पडत गेलं : ‘गायडिंग लाइट’, ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’, ‘ऑल माय चिल्ड्रन’, ‘वन लाइफ टू लिव्ह’. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ २०२२मध्ये टीव्हीवरून उठून ॲपवर गेली. म्हणून आज पाटी झळकली तेव्हा घसा दाटला.

वॉशिंग्टनजवळ मेरिलँडमधली श्रीमंत वसाहत, कृष्णवर्णीय ड्युप्री कुटुंब, आजोबा निवृत्त सिनेटर, आजी एके काळची गायिका. तासाभराच्या दुपारच्या मालिकेत बहुतांश कलाकार कृष्णवर्णीय असणं हे पहिल्यांदाच घडतंय. आजीच्या भूमिकेत टमारा ट्यूनी आहेत. खोलीत येऊन त्या नुसत्या थांबतात आणि बाकीच्यांची पाठ सरळ होते. कार्ला मोझलीनं केलेली घरची लेक डॅनी मात्र पहिल्या दिवसापासून वरच्या पट्टीत लागलीय. नवऱ्यानं सोडून मुलीच्या मैत्रिणीशी लग्न ठरवलंय, तेव्हा राग असणारच. पण पहिल्याच आठवड्यात सगळा आवाज वापरला तर वर्षभर काय करणार? बघू. मालिका घडवणाऱ्या मिशेल व्हॅल जीन ह्यांनी अनेक वर्षं ‘जनरल हॉस्पिटल’ लिहिली आहे, तेव्हा माझा भरवसा आहे.

रात्री जुनं आठवत बसले. माझी पहिली अमेरिकन मालिका डोंबिवलीतच पाहिली. केबल नवी होती, स्टार प्लसवर ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ आणि ‘सांता बार्बरा’ लागायच्या. आत्याला इंग्रजी येत नव्हतं. मी सांगायला गेले तर म्हणायची, “कळतंय गं, सासूला ती सून नकोय.” आणि तेच होतं : सुझन फ्लॅनरींची स्टेफनी आणि कॅथरीन केली लँगची ब्रूक. तो सामना १९८७पासून २०१२पर्यंत चालला आणि शेवटी कर्करोगानं मरणाऱ्या स्टेफनीनं प्राण सोडला तो ब्रूकच्याच मिठीत. पंचवीस वर्षं त्याच दोन अभिनेत्री. आत्या तोवर नव्हती. हे मी तिला पत्रानं कळवलं असतं.

आपल्याकडे एवढी लांब सोबत मला फक्त ‘चार दिवस सासूचे’नं दिली. २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग, रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड. सुट्टीत भारतात गेले की आई मधलं सगळं दोन वाक्यांत सांगायची आणि मी रुळावर यायचे.

८ मार्च, शनिवार

वाईट दिवस. कॅसेट १४, ‘टोनी’, यंत्रानं ओढली. खर्रकन आवाज झाला, मी बटण दाबेपर्यंत फूटभर टेप चुरगळून चाकांत अडकली होती. हीच का, असं झालं. ह्या एकाच कॅसेटची कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मावशींनी मुळापासून तोडलेली आहे. ती तोडली की कॅसेटवर पुन्हा काही घेता येत नाही. बाकीच्या कॅसेटींना त्यांनी ती संधी ठेवली होती, हिला नाही.

पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली. टेपच्या कडेला पांढरी भुकटी होती, म्हणजे बुरशी. सुती हातमोजे घातले, कोरड्या मऊ कापडानं टेप पुसत पुसत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर हातानं घेतली. चुरगळलेला तुकडा कापला नाही. कापला तर काही सेकंद कायमचे गेले असते. काचेवर ठेवून पाठीकडून बोटानं हलकेच सपाट केला. मग व्हीसीआरचं डोकं, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, कापड स्थिर धरून ड्रम आडवा फिरवत. कापड वर-खाली घासलं तर डोकंच तुटतं.

चोवीस तास वाळू देणार. आज दुसरं काही केलं नाही.

१५ मार्च, शनिवार

कॅसेट १४ चालली. तुकड्यापाशी चित्र दोनदा फाटतं, आवाज टिकला आहे.

१९९४ची ही कथा मी इथे येण्याच्या दोन वर्षं आधीची. मला ती मावशींनीच ह्या कॅसेटवर दाखवली होती, माझी थोरली पोटात असताना. आधी विचारलं होतं, “बघवेल का तुला?” मी हो म्हणाले होते.

डॉ. टोनी जोन्स आणि नर्स बॉबी ह्यांची मुलगी बीजे. टोनीचा भाऊ फ्रिस्को आणि फेलिशिया ह्यांची मुलगी मॅक्सी. मॅक्सीचं हृदय निकामी होत चाललंय, नवं मिळालं नाही तर ती जगणार नाही. बीजे शाळेच्या बसमधून जाताना अपघात होतो आणि तिचा मेंदू मृत होतो. टोनी-बॉबी तिचं हृदय पुतणीला देतात.

एवढं कागदावर वाचलं तर जुळवून आणलेलं वाटेल. पडद्यावर तसं वाटत नाही, कारण ह्या दोन चुलत बहिणींना प्रेक्षकांनी लहानपणापासून पाहिलंय. जॅकलिन झीमन ह्यांची बॉबी १९७७पासून त्या इस्पितळात आहे. बातमी आली तेव्हा तिचा चेहरा आधी नर्सचा राहतो. बातमी समजली आहे, प्रश्न विचारतेय, आकडे विचारतेय. मग एका क्षणी नर्स संपते. आज तो भाग तीनदा मागे नेऊन बघितला. ती ओरडण्याआधी श्वास घेते आणि तो श्वास अर्ध्यावर अडतो. आवाज नंतर येतो.

आणि मग तो प्रसंग. शस्त्रक्रिया झालेली, मॅक्सी खाटेवर. ब्रॅड मॉलचा टोनी आत येतो. वाकतो आणि तिच्या छातीवर कान ठेवतो. डॉक्टर माणूस, रोज शेकडो ठोके मोजणारा. पण आज हातात स्टेथोस्कोप नाही, उघडा कान. आपल्या मुलीचं हृदय ऐकतो. ब्रॅड मॉल तिथे चेहऱ्याचं फार काही करतच नाहीत. डोक्याचं वजन हळूहळू सोडतात फक्त. आधी पोरीला दुखेल म्हणून मान अधांतरी, मग ठोका सापडतो आणि मान टेकते.

मावशी नर्स म्हणून ह्या मालिकेतल्या चुका रोज काढायच्या. सलाईन चुकीच्या हाताला, मॉनिटरचा आकडा भलताच, मास्क नाकाखाली. ह्या प्रसंगाला त्या कधी काही म्हणाल्या नाहीत. जाहिरात लागल्यावरसुद्धा नाही. तेवढ्या एका दिवशी चहा झाला नव्हता.

मॅक्सी पुढे मोठी झाली. २००५मध्ये ती भूमिका कर्स्टन स्टॉर्म्सकडे आली. आजही तिच्या तोंडी बीजेचं नाव आलं की तिचा हात छातीवर जातो, आणि ते कुणी समजावून सांगत नाही. २०२३च्या मे महिन्यात जॅकलिन झीमन गेल्या तेव्हा मी मावशींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, “बॉबी गेली? माझ्याबरोबर ड्यूटीला होती.” मी दुरुस्त केलं नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, श्रीखंड केलं. दुपारी कॅसेट १९ ते २२, ‘स्टोन’.

१९९५. स्टोन केट्स ह्या रस्त्यावर वाढलेल्या मुलाला एड्स होतो. मायकल सटन. त्याची मैत्रीण रॉबिन, किंबर्ली मॅक्‌कलॉ. ही किंबर्ली १९८५मध्ये सात वर्षांची असताना मालिकेत आली होती. म्हणजे दहा वर्षं लोकांनी जिला दुधाच्या दातांपासून पाहिलं, तिचीच चाचणी पॉझिटिव्ह येते. ‘तसल्या’ माणसांचा आजार म्हणून दुपारच्या प्रेक्षकानं अंग झटकायला जागाच ठेवली नाही. क्लेअर लबीन ह्यांचं मला सर्वांत मोठं वाटतं ते हे. मावशींच्या वॉर्डात तेव्हा असे रुग्ण होते आणि ताट दाराबाहेर ठेवून जाणारे कर्मचारीही होते. त्यांनी मला सांगितलं होतं, की स्टोनची कथा चालू असताना त्या वॉर्डातल्या टीव्हीभोवती सगळे जमायचे आणि ताटं आत जायला लागली.

शेवटी स्टोनची दृष्टी जाते. मृत्यूआधी क्षणभर त्याला पुन्हा दिसतं, आणि तो रॉबिनला बघतो. मायकल सटन तोवर कित्येक आठवडे नजर कुठेच न लावता काम करत होता. ती नजर जेव्हा तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबते तेव्हा आपल्याला आधी कळतं, तो सांगतो नंतर. सोनीच्या भूमिकेतला मॉरिस बेनार्ड बाजूला आहे, धाकट्या भावासारखा पोर जाताना बघतोय. मोठा अभिनेता अशा वेळी किती कमी करतो ते इथे बघावं.

रॉबिनला मालिकेनं मारलं नाही. औषधं घेत ती डॉक्टर झाली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलीला संसर्ग नाही. कुणाला हे फार गोड वाटेल. मला वाटत नाही. औषधं आली आणि माणसं जगायला लागली हे खरंच घडत होतं, आणि मालिका त्याच्या बरोबरीनं चालत राहिली.

१३ एप्रिल, रविवार

कॅसेट २८ ते ३३. ही वर्षं मी स्वतः बघितलेली. १९९८.

ल्यूक आणि लॉरा ह्यांचं नाव न ऐकलेला अमेरिकन विरळा. १९८१च्या नोव्हेंबरात त्यांचं लग्न झालं ते तीन कोटी लोकांनी पाहिलं. दुपारच्या मालिकेला एवढा प्रेक्षक त्याआधी मिळाला नव्हता, त्यानंतरही नाही. पाहुणी म्हणून एलिझाबेथ टेलर. पण त्या लग्नाच्या दोन वर्षं आधी, १९७९मध्ये, ल्यूकनं लॉरावर डिस्कोमध्ये बलात्कार केला होता. मग ह्या जोडीला लोकांचं प्रेम मिळायला लागलं आणि मालिका त्या रात्रीबद्दल वेगळंच बोलायला लागली, जणू तिथूनच प्रेम सुरू झालं होतं. मावशींकडे लग्नाची कॅसेट नाही. मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “मी नर्स आहे. मी त्या मुलींना धुतलंय, पुसलंय. मी ते लग्न बघितलं नाही.”

१९९८मध्ये मालिकेनं हिशेब मांडला. व्हॅलेंटाइनच्या रात्री एलिझाबेथ वेबर ह्या कोवळ्या मुलीवर बलात्कार होतो. ती सापडते ती लकीला, ल्यूक-लॉराच्या मुलाला, आणि तोच तिला सावरतो. महिनोन्‌महिने तो तिच्याजवळ बसतो, तिची भीती शिकतो. आणि मग त्याला कळतं की आपल्या बापानं आपल्या आईबरोबर हेच केलं होतं.

जोनाथन जॅक्सन तेव्हा सोळा वर्षांचा असेल. बापासमोर उभा राहून तो विचारतो, तेव्हा अँथनी गेअरी ह्यांच्या ल्यूककडे एवढ्या वर्षांचे सगळे विनोद, सगळी मिजास आहे, आणि त्यातलं एकही कामाला येत नाही. गेअरी ह्यांचा चेहरा त्या प्रसंगात म्हातारा होत जातो. जीनी फ्रान्सिसची लॉरा मुलाशी बोलते तो प्रसंग मात्र मला जास्त मोलाचा वाटतो. तिनं माफ केलंय, संसार केलाय, प्रेमही केलंय, आणि तरी त्या रात्रीला ती पहिल्यांदाच तिच्या खऱ्या नावानं हाक मारते. एकोणीस वर्षांनी. १९७९मध्ये काम करत होती तीच मुलगी, आता बाई झालेली. दुसऱ्या कुठल्या कलेत एकच अभिनेत्री आपल्याच जुन्या भूमिकेला असं उत्तर देऊ शकली असती, मला सांगता येणार नाही.

रिबेका हर्ब्स्टची एलिझाबेथ आजही मालिकेत आहे, आणि ती नर्स झाली. मावशींना ह्याचा फार आनंद झाला होता.

कॅसेट ३१च्या शेवटी त्या भागानंतरच्या बातम्याही चालू राहिल्यात. मावशी बंद करायला उठल्या नसाव्यात. त्या दिवशी आम्ही बातम्या संपेपर्यंत बोलत बसलो होतो, ते मला आठवतं.

२० एप्रिल, रविवार

कॅसेट नाही. पण यादीत हे हवं : माइक कॉर्बिन, सोनीचा बाप, अल्झायमर, २०१८ ते २०२०. भूमिकेत मॅक्स गेल.

मावशी तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या आणि विसरायला नुकती सुरुवात झाली होती. आम्ही फोनवर, आपापल्या घरी बसून बघायचो. मॅक्स गेल विसरण्याचा अभिनय करत नाहीत, विसरलेलं झाकण्याचा करतात. नाव आठवलं नाही की हसतात, समोरच्याचा खांदा थोपटतात, विषय बदलतात. मावशी एकदा जाहिरातीत म्हणाल्या, “हा माणूस माझं गुपित सांगतोय.” मग भाग सुरू झाला आणि फोनवर दोन्हीकडे शांतता. त्या कामासाठी गेल ह्यांना २०१९ आणि २०२१ असा दोनदा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. मला अख्खं जग देऊन टाकावंसं वाटलं होतं.

४ मे, रविवार

तीस कॅसेटी झाल्या. आज टॅबलेट घेऊन केंद्रात गेले.

मावशी खिडकीशी होत्या. केस नीट विंचरलेले, पायात लाल मोजे. मी कोण ते त्यांना कळलं नाही. “तू नवी आहेस का?” असं विचारलं, नव्या नर्सला विचारावं तसं. मी हो म्हणाले. शेजारी खुर्ची ओढली, टॅबलेट उशीला टेकवून उभा केला आणि कॅसेट १४ लावली, गाळलेलं काही नाही, सुरुवातीच्या संगीतापासून.

पहिली दहा मिनिटं त्या टॅबलेटकडे कमी आणि माझ्या बांगड्यांकडे जास्त बघत होत्या. मग बॉबी आली. मावशींचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले. चुरगळलेल्या जागी चित्र फाटलं तेव्हा त्यांनी भुवया आवळल्या, पण नजर काढली नाही. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पाणी हवं का असंच काहीतरी, आणि त्यांचं बोट वर झालं.

टोनी आत आला. वाकला. कान ठेवला. मावशींची मान त्याच्याबरोबर थोडी कलली.

मग काळोख झाला आणि जाहिरात लागली. कपड्याच्या साबणाची, निळं आकाश, दोरीवर पांढऱ्या चादरी. मावशींनी मोठा श्वास सोडला, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “पाणी ठेवलंस का?”

मी म्हणाले, “ठेवलंय मावशी.”

“आलं किस. मागच्या वेळी कमी होतं.”

जाहिरात संपली. बोट वर.

उरलेल्या कॅसेटी अकरा. कॅसेट १४ची आणखी एक प्रत त्यांच्या लेकीसाठी काढायची. पुढच्या रविवारी थर्मास न्यायचा, आलं जास्त घालून.